कोऱ्यांत धरलेली चिठ्ठी

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. परवा दुकानात आले, तर मापाची टेप गळ्यात अडकवून तू आतल्या खोलीत पळालीस आणि काजं-बटणं करणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, "मॅडम बाहेर गेल्यात." पडद्याखालून तुझ्या चपला दिसत होत्या. निदान चपला तरी घेऊन पळायचं! म्हणून हे पत्र. दोन गल्ल्या पलीकडे पोचायला टपालाला तीन दिवस लागतील, पण तुझ्या दारात उभी राहून मी तमाशा करणार नाही.

मुख्याध्यापिकांनी मला बोलावून तुझा अर्ज दाखवला. "आरोग्य केंद्राच्या परिचारिका शाळेत दर गुरुवारी जो तास घेतात, त्यामुळे माझ्या मुलीच्या डोक्यात नको ते भरलं गेलं. लोकांच्या पैशातून चाललेला हा तास ताबडतोब बंद करावा." खाली तुझी सही. परिचारिका म्हणे! सख्ख्या बहिणीला ताई लिहिताना पेन अडलं का तुझं?

पाच मार्चला पालक समितीची बैठक आहे. नऊजणांची समिती, त्यातली एक तू. त्यांनी नाही म्हटलं की आरोग्य खातं पुढच्या वर्षाची मंजुरी देत नाही आणि तास बंद पडतो. एकदा बंद पडला की पुन्हा सुरू करायला कुणाची छाती होणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. अर्ज मागे घे.

तू चिडली आहेस, मला कळतं. सतरा वर्षांच्या पोरीला चौथा महिना संपत आल्यावर आईच्या लक्षात यावं, म्हणजे त्या आईचं काय झालं असेल. टिटवी माझीही आहे गं. दिवसभर टिवटिव करणारी पोर म्हणून हे नाव तिला मीच ठेवलं, आणि आता ती बोलतच नाही असं मेहुणे म्हणाले. त्या मुलाला त्याच्या घरच्यांनी मामाकडे धाडून दिलं, तेही कळलं. बरे हात झटकले त्यांनी.

पण राग कुणावर काढायचा, याला काही धरबंध? नऊ वर्षांपूर्वी मी तास सुरू केला, त्या वर्षी आमच्या केंद्रात बाळंतपणासाठी अठराच्या आतल्या अकरा मुली नाव नोंदवायला आल्या होत्या. गेल्या वर्षी तीन. ही काही जादू नाही. मुलामुलींना एका वर्गात बसवून सरळ शब्दांत सांगितलं की शरीर कसं चालतं, दिवस कसे राहतात, ते कसे टाळायचे, आणि नको असेल तर नाही कसं म्हणायचं. एवढंच. तूच परवानगीच्या कागदावर सही केली होतीस.

मी केली, कारण तू गळ घालत आलीस, असं म्हणशील. आले होते. पुन्हा येईन.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. दुकानाच्या बिलाच्या पाठीवर दीड ओळ. "दर गुरुवारी ती तुझ्यापुढे बसत होती. मग शिकवलंस काय तिला?"

सांगते काय शिकवलं. तुला वाटतं मी फळ्यावर भलतीसलती चित्रं काढते आणि पोरं फिदीफिदी हसतात. पहिले दोन तास हसतात, खरं आहे. तिसऱ्या तासाला हसणं संपतं, कारण तिसऱ्या तासापासून डबा फिरतो.

पत्र्याचा डबा आहे, झाकणाला फट. प्रत्येकानं एक चिठ्ठी टाकायची. विचारायचं असेल तर प्रश्न लिहायचा, नसेल तर कोरी टाकायची, पण टाकायची सगळ्यांनी. अडतीस मुलं तर अडतीस चिठ्ठ्या. म्हणजे कुणी विचारलं आणि कुणी नाही, ते कुणालाच कळत नाही. डबा मी केंद्रात नेते, उघडते, कोऱ्या किती आणि प्रश्न किती ते वहीत लिहिते, आणि पुढच्या गुरुवारी सगळे प्रश्न मोठ्यानं वाचून उत्तरं देते. सगळे. वेडेवाकडे, वाह्यात, स्पेलिंग चुकलेले, सगळे. अक्षर ओळखायचं नाही, ओळखलं तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. एखाद्या चिठ्ठीवरून मूल अडचणीत आहे असं वाटलं तर त्याच दिवशी केंद्रातल्या डॉक्टरबाईंना सांगायचं. हे नियम माझेच आहेत. खात्यानं ते नंतर बाकीच्या शाळांना पाठवले.

मुलं काय विचारतात? एकानं विचारलं होतं, मुली रडायला लागल्या की काय करायचं. एकीनं विचारलं, सगळ्यांना पाळी येते मग मलाच का येत नाही. एकानं विचारलं, नर्सबाई तुमचं लग्न का नाही झालं. मी तोही वाचला आणि सांगितलं, मला झोपायला अख्खा पलंग लागतो. वर्ग पाच मिनिटं हसत होता.

तुला सप्टेंबरचं हवं असेल, कारण महिने तूही मोजले असशील. सप्टेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी अठ्ठावीस कोऱ्या, दहा प्रश्न. दहाच्या दहा उत्तरं दिली. वहीत आहे. वही कुणालाही दाखवायची माझी तयारी आहे, समितीलासुद्धा.

आणि तू आई आहेस ना? तू काय शिकवलंस तिला? मी आठवड्यातून एक तास, बाकीचे सगळे तुझे. त्या सप्टेंबरात एका रविवारी मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? टिटवीशी बोलायलाच आले होते. तू इस्त्री करत होतीस, मेहुणे घरात, बोलणं राहून गेलं. कशाबद्दल, ते जाऊ दे.

अर्ज मागे घे. तुझ्या रागापायी पुढच्या अडतीस पोरांचं नुकसान करू नकोस.

ताई

ता. क. रागाच्या भरात "तू काय शिकवलंस" लिहिलं. खोडून परत लिहिणार होते, पण कागद संपला.


२१ फेब्रुवारी

धाकटे,

काल टिटवी तपासणीला आली. एकटीच. तू दारापर्यंत सोडून गेलीस, खिडकीतून दिसलीस. आत आली असतीस तर मी चावले नसते.

वजन बावन्न. रक्त थोडं कमी आहे, लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, जेवणानंतर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. पायावर सूज नाही. बाळाचे ठोके छान. डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा एकदा एकटीला बसवून विचारलं, तुझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना. ती म्हणाली, नाही, मूल ठेवायचं मीच ठरवलंय. शाळेनं जागा राखून ठेवायचं कबूल केलं आहे, पुढच्या वर्षी तिला परत बसता येईल. मी मुख्याध्यापिकांकडून तसं लिहून घेतलं. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते.

डॉक्टरबाई बाहेर गेल्यावर तिनं मला एक विचारलं. मग स्वतःच बरंच बोलली. मी तिचं वजन कार्डावर लिहीत बसले होते. बावन्न लिहायला कितीसा वेळ लागतो?

पुढची तपासणी अकरा मार्चला आहे.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकटे,

हे दुकानात वाचू नकोस. घरी जा, दार लावून घे आणि मग वाच.

वहीत खोटं लिहिलं आहे. मीच लिहिलं. त्या गुरुवारी कोऱ्या चिठ्ठ्या सत्तावीस होत्या आणि प्रश्न अकरा. अकरावी चिठ्ठी मी कोऱ्यांत धरली.

तिच्यावर होतं, "पहिल्याच वेळी काही होत नाही असं तो म्हणतो. खरं आहे का?"

अक्षर टिटवीचं. तू दुकान नवीन उघडलं होतंस, तेव्हा तिला पाटीवर अक्षरं मीच गिरवायला शिकवली होती. इतकं दाबून लिहिते की कागदाच्या मागे हात फिरवला तर अक्षर बोटांना लागतं. ओळखायचं नाही हा नियम, पण हाताला कळलं त्याला मी काय करू?

उत्तर एका शब्दाचं होतं. खोटं. वर्गात तेवढं म्हणायचं आणि मग दोन मिनिटं सांगायचं, की पहिल्या वेळीही दिवस राहू शकतात, आणि असं सांगणाऱ्याला एकतर माहीत नसतं किंवा तुम्हाला माहीत नसावं अशी त्याची इच्छा असते. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. दरवर्षी मी तो पापणी न लववता वाचते. यंदा वाचला नाही.

का, ते सहा दिवस स्वतःला विचारतेय. काळजी वाटली म्हणून, असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला. लाज वाटली, हे खरं. वर्गात वाचला आणि पोरांनी वळून तिच्याकडे पाहिलं तर? नर्सबाईंची भाची, नर्सबाईंच्या घरातलंच प्रकरण, असं झालं तर? नऊ वर्षं घसा कोरडा करून सांगत आले, विचारण्यात लाज कसली, आणि माझ्याच घरचा प्रश्न आल्यावर मी तो ॲप्रनच्या खिशात घातला. डॉक्टरबाईंनाही सांगितलं नाही. त्यांना काय सांगणार, की माझी भाची?

म्हटलं, रविवारी घरी जाऊन तिला एकटीला सांगू. आले. वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं तिला गच्चीवर नेलं. तिथं मी तिला काय सांगितलं माहीत आहे? अभ्यासात लक्ष दे. मुलांच्या नादी लागू नकोस. आईला किती कष्ट पडतात बघ. वर्गात एखाद्या मास्तरानं असं भाषण ठोकलं असतं तर मी त्याची हजेरी घेतली असती. ती "हो मावशी, हो मावशी" करत चादरीच्या घड्या घालत होती. मग म्हणाली, "गुरुवारी तू सगळ्या चिठ्ठ्या वाचतेस ना?" मी म्हटलं, "सगळ्या."

गुरुवारी ती दुसऱ्या बाकावर बसली होती. मी दहा वाचल्या आणि वही मिटली.

वीस तारखेला तपासणीच्या खोलीत तिनं मला विचारलं, "मावशी, माझी चिठ्ठी हरवली होती का?" मी म्हटलं, "कुठली चिठ्ठी?" धाकटे, तिच्या तोंडावर म्हटलं मी हे. ती म्हणाली, "मला वाटलं, तू दर वेळी चुकीचं असेल ते खोडून काढतेस. हे खोडलं नाहीस, म्हणजे मग खरंच असेल." तिनं त्यालाही तेच सांगितलं होतं. तोही त्याच वर्गात, खिडकीकडच्या बाकावर. वाचलं असतं तर दोघांनीही ऐकलं असतं. गर्भ राहू नये म्हणून काय वापरायचं, तो धडा नोव्हेंबरात असतो. तोवर उशीर झाला होता.

तू विचारलंस, शिकवलंस काय तिला. हे शिकवलं.

तेरा तारखेच्या पत्रात मी छाती काढून लिहिलं, दहाच्या दहा. त्याआधीच्यात तुझ्यावर डाफरले. मला सगळं माहीत असताना. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, तुझ्या जागी मी असते तर केलं नसतं.

हे पत्र समितीत वाच. पूर्ण वाच, मधलं गाळू नकोस. डॉक्टरबाईंना मी आज सकाळी सांगितलं आहे आणि खात्याला लिहून दिलं आहे, त्यामुळे तू वाचलंस म्हणून माझं वेगळं काही बिघडणार नाही. फक्त एक बघ. त्या पोरीनं योग्य जागी योग्य प्रश्न विचारला होता. तासानं तिला विचारायला शिकवलं, आणि ती विचारायला आली तेव्हा मी गप्प बसले. मला काढा. तास काढू नका.

ताई


६ मार्च

धाकटे,

काल बैठकीनंतर तू जिन्यावर माझ्या बाजूनं गेलीस आणि थांबली नाहीस. मी हाक मारणार होते. हाक मारून काय बोलणार, ते ठरेना, म्हणून परत लिहायला बसले आहे.

तुला वाटत असेल, ताईला नाकाला मिरच्या झोंबल्या असतील. झोंबल्या. चित्रकलेच्या खोलीत त्या बुटक्या स्टुलावर बसून, नऊजणांसमोर आपलंच पत्र तुझ्या तोंडून ऐकायचं, आणि तू वाचतेस कशी, तर छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, अशी मापं सांगावीत तशी. पलंगाचा विनोद त्या पत्रात नव्हता हे नशीब. गच्चीवरचं भाषण आलं तेव्हा समितीतल्या औषधवाल्या काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी फळ्याकडे बघत राहिले.

वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुमचा अर्ज तर यानं आणखी पक्का झाला. तास घेणारीच कबूल करतेय." मला वाटलं, संपलं. नऊ वर्षं गेली. तू पत्राची घडी घातलीस आणि म्हणालीस, "अर्ज मी मागे घेते. पण त्याआधी मलाही एक सांगायचं आहे."

मग जे बोललीस ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवते, कारण मला ते विसरायचं नाही. तू म्हणालीस, "माझ्या मुलीनं हे आधी मला विचारलं होतं. चिठ्ठी टाकायच्या आदल्या दिवशी. मी मशीनवर होते. म्हणाली, आई, एका मैत्रिणीचा मित्र असं असं म्हणतो, खरं असतं का गं? मी म्हटलं, असं ऐकलंय खरं, पण तू असल्या मैत्रिणींत राहू नकोस. मी खोटं नाही बोलले. मला तेच माहीत होतं. या सदतीस वर्षांत मला दुसरं कुणी काही सांगितलंच नाही."

औषधवाले काका, जे चार महिने तासाच्या नावानं शंख करत होते, ते आपल्या बुटांकडे बघत होते. अध्यक्ष उगाच पाणी प्यायले. मग तू म्हणालीस, "तिनं आईला विचारलं, मावशीला विचारलं. आणखी कुणाला विचारायला हवं होतं तिनं? तास राहू दे. पण डबा ताईच्या हातात नको."

सात विरुद्ध दोन. तास राहिला. आता डबा शाळेतच दोघांनी मिळून उघडायचा आणि कोऱ्यांसकट सगळ्या चिठ्ठ्या दोघांनी मोजायच्या, असंही ठरलं. खात्याचं पत्र यायचंय, पण डॉक्टरबाईंनी मला लसीकरणाच्या टेबलावर बसवलं आहे आणि गुरुवारी दुसरी नर्स जाईल. पोरगी हुशार आहे, थोडी लाजते. मी तिला म्हटलं, लाज आली तर येऊ दे, वाचायचं थांबू नकोस. माझ्या हातून तास गेला याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं. पण तू बरोबर बोललीस, मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही.

ते जाऊ दे. मला लिहायचंय ते वेगळंच.

सदतीस वर्षांत कुणी काही सांगितलं नाही, असं तू म्हणालीस. त्यातली एकवीस वर्षं तुझी बहीण नर्स आहे. आई गेली तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि मी शिकायला बाहेरगावी. सुट्टीत आले की तुझ्या केसांतल्या उवा काढायची, दात बघायची, जंताची गोळी द्यायची. पाळी आली तेव्हा तुला शेजारच्या काकूंनी फडकं दिलं, हे मला वर्षभरानं कळलं आणि मी म्हटलं, चला, झालं ते काम. दुसऱ्यांच्या पोरींना शिकवायला मी गल्लीबोळ पालथे घातले, आणि तुला सगळं माहीत असणारच असं धरून चालले. का धरलं, देव जाणे.

काल घरी आल्यावर एक आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तुझ्या लग्नाला आठवडा राहिला होता. तू सकाळची बस पकडून चार तास प्रवास करून माझ्या नर्सेस क्वार्टर्समध्ये आलीस. न कळवता. मी ड्यूटीला निघाले होते, केस बांधत होते, दारात तू. एकोणीस वर्षांची, हातात पिशवी. मी म्हटलं, "अगं, आज कशी काय?" तू म्हणालीस, "ताई, एक विचारायचं होतं." मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "घाबरतेस काय? सगळ्यांचं होतं, तुझंही होईल." टोपी घातली, तुला कँटीनमध्ये चहा पाजला आणि वॉर्डात गेले. तू दुपारच्या बसनं परत गेलीस. चार तास आलीस, चार तास गेलीस, आणि लग्नात हसत होतीस म्हणून मी तो विषय सोडून दिला.

फोन उचलू नकोस, दुकानात घेऊ नकोस, मला चालेल. बिलाच्या पाठीवर लिहून पाठव, दीड ओळ पुरे. मी आता घड्याळ बघणार नाही.

त्या दिवशी काय विचारायचं होतं गं तुला?

ताई